टेस्टवाडीचं औषध

ये गं प्राजू, अशी जवळ सरक. आणि तो मोबाइल आधी पालथा घाल. आत्या बोलायला लागली की तुझा अंगठा चालू होतो, ते मला दिसत नाही असं वाटतं का तुला? चष्मा लागलाय मला, आंधळी नाही झाले अजून.

खरं म्हणजे प्राजू आत्ता इथं नाही. ती माझ्या भावाची मुलगी, पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीला. दिवाळी अंकाच्या संपादकांनी सांगितलं, ‘तुमच्या कामाचे अनुभव लिहा, वाचक समोर आहेत असं समजून लिहा.’ मी म्हटलं, एवढे लोक समोर बसले तर माझी बोबडी वळेल. मला एकच माणूस लागतं, आणि तेही हक्कानं रागावता येईल असं. म्हणून तिला बसवलीय. तुम्ही तिच्या मागं बसा आणि ऐका.

तर प्राजू, परवा फोनवर तू काय म्हणालीस? ‘आत्या, सुट्टीच्या आधी नवीन व्हर्जन ढकलून टाकते आणि निवांत येते. लेटेस्ट असेल ते आपोआप उचललं जातं, बघायलासुद्धा लागत नाही.’ मी विचारलं, कसलं आहे गं तुमचं ते? तर म्हणालीस, ‘काही नाही गं, लॅबचे रिपोर्ट दिसतात लोकांना. एवढंच.’

एवढंच! अगं बाई, तुझं ते ‘एवढंच’ ऐकून मी फोन ठेवला आणि ओट्याला टेकून उभी राहिले. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते कळलं नाही, डाळीचं पिठलं झालं. तुझे काका म्हणाले, ‘काय गं, कुणाचा फोन होता?’ मी म्हटलं, प्राजूचा. ती ‘लेटेस्ट’ म्हणाली. मग त्यांनीच उठून गॅस बंद केला. आमच्या घरात हा शब्द कुणी सहज उच्चारत नाही. का, ते तुला कधी सांगितलंच नाही मी. आज सांगते.

मी काही यातलं कॉलेजात शिकलेली नाही. उंब्रजला टायपिंगच्या क्लासात जायची, तिथं एक कॉम्प्युटर आला आणि मी त्याच्यासमोर बसले ती बसलेच. लग्न होऊन सांगलीत आले, एका दवाखान्यात बिलं करायला लागले. मशीन अडलं की मिरजेहून माणूस यायचा, तो ‘निघालो निघालो’ म्हणत संध्याकाळ करायचा. त्याची वाट बघायचा कंटाळा आला म्हणून मीच उघडून बघायला लागले. अशी शिकले. शेवटची बरीच वर्षं सुहासरावांच्या छोट्या कंपनीत काढली. दवाखान्यांची कामं असायची. पोरं प्रोग्राम लिहायची आणि तो लोकांच्या हातात नीट पोचवून चालता ठेवायचा, हे माझं. पोरं मला काकू म्हणायची. कौतुकानं म्हणायची, आणि काम अडलं की जास्तच कौतुकानं.

ज्यांना यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पूर्वी एका मशीनवरचा प्रोग्राम दुसऱ्या मशीनवर न्यायचा म्हणजे बिऱ्हाड हलवण्यासारखं होतं. काहीतरी मागं राहायचंच. मग कंटेनर आले. कंटेनर म्हणजे जेवणाचा बांधलेला डबा समजा. प्रोग्रामला लागेल ते सगळं आत, भाकरीपासून चिमूटभर मिठापर्यंत. कुठंही उघडा, चव तीच. पण हा डबा कुणाच्या दारात द्यायचा, कुठल्या किल्लीनं दार उघडायचं, खरी माहिती कुठून घ्यायची, हे मात्र डब्यात घालायचं नसतं. ते बाहेर चिठ्ठीवर. त्या चिठ्ठीला आम्ही सेटिंग म्हणतो. पोरं डबा करण्यात हुशार असतात. चिठ्ठी लिहायचा त्यांना कंटाळा. आणि प्रॉडक्शन, म्हणजे जिथं खरी माणसं तो प्रोग्राम वापरतात ती जागा, ती बहुतेक वेळा चिठ्ठीमुळंच बिघडते.

एकदा एका दवाखान्यात महिन्याचा हिशेब काढणाऱ्या डब्यानं मशीनची सगळी मेमरी खाऊन टाकली. त्याला किती खायचं ते कुणी सांगितलंच नव्हतं. शेजारचा बिलाचा डबा उपाशी. काउंटर बंद, रांग दारापर्यंत. शिराळ्याकडचे एक आजोबा, डिस्चार्ज मिळालेला, पिशवी भरून तयार. त्यांनी विचारलं, ‘काय झालंय गं बाई?’ मी म्हटलं, एका प्रोग्रामनं दुसऱ्याचं खाल्लं आजोबा. ‘आमच्या घरात बी हायती असली,’ म्हणाले, ‘पर त्यांच्यापायी मला कुणी कोंडून ठेवलं न्हाई.’ रांग हसली, मीही हसले. त्या दिवसापासून प्रत्येक डब्याला खाण्याची मर्यादा घालून दिली. ते हसण्यावारी गेलं. पुढचं सांगते ते गेलं नाही.

आमच्या भागातल्या काही खाजगी दवाखान्यांनी आणि रुग्णवाहिकावाल्यांनी मिळून आमच्याकडून एक काम करून घेतलं होतं. साप चावल्यावर द्यायची लस कुठल्या दवाखान्यात किती शिल्लक आहे, ते रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरला मोबाइलवर दिसायचं. लस असलेला सगळ्यात जवळचा असा एकच दवाखाना समोर यायचा. ड्रायव्हरनं गाडी तिकडं घ्यायची. साधं काम. पण ऊस, सोयाबीन, नदीकाठ, सगळीकडं साप. आमचं हे काम म्हणजे नुसता पडदा नव्हता, ड्रायव्हरच्या हातातलं स्टिअरिंग होतं.

हे करणारं पोरगं निखिल. कामाला वाघ. दर वेळी डब्यावर नंबर टाकायचा, मग मशीनला तोच नंबर सांगायचा, याचा त्याला कंटाळा. त्या वर्षी त्यानं मशीनला सांगून ठेवलं, चालू होताना कोठारात, म्हणजे तयार डबे साठवायच्या जागेत, जो सगळ्यात नवा डबा असेल तो घे. लेटेस्ट. मशीन चालूच असायचं, त्यामुळं त्याचा परिणाम काही दिसला नाही.

आणि मग खंडेनवमी आली.

सुहासरावांच्या वडिलांचा लेथचा कारखाना. खंडेनवमीला तिथं सगळी यंत्रं बंद. धुऊन पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूची माळ घालायची. त्या दिवशी हत्याराला काम सांगायचं नाही. सुहासरावांनी तीच रीत ऑफिसात आणली होती. आमचा सर्व्हर, म्हणजे हे सगळे डबे चालवणारं मशीन, ही एका कोपऱ्यात घोंघावणारी काळी पेटी. ती आरती होईपर्यंत बंद करायची. ‘दम खाऊ द्या तिला,’ म्हणायचे, ‘वर्षभर राबती बिचारी.’ झेंडू मीच न्यायची घरून. दरवर्षी बंद करायचो, दरवर्षी चालू व्हायची. जुन्या काळी डब्याला नंबर ठोकलेला असायचा, बंद करून चालू केलं तरी तोच डबा उघडायचा.

त्या वर्षी आरती झाली, सुहासरावांनी बटण दाबलं, पेटी घोंघावली. मशीननं कोठारातला सगळ्यात नवा डबा उचलला. तो निखिलचा होता, अर्धवट, सुट्टीच्या आधी त्यानं तिथं ठेवून दिलेला. सणानंतर तपासून लोकांपुढं मांडायचा होता. त्यात त्यानं एका सेटिंगचं नाव बदललं होतं, बाहेरच्या चिठ्ठीवर मात्र जुनंच नाव. डब्यानं चिठ्ठी वाचली, त्याला हवं ते नाव सापडलं नाही. अशा वेळी काय करायचं, तेही निखिलनंच त्याला शिकवून ठेवलं होतं: खरी माहिती मिळाली नाही तर चाचणीचे आकडे दाखव. त्याच्या टेबलावर काम करताना अडू नये म्हणून. टेबलावर ते सोयीचंच होतं गं.

आमच्याकडं भिंतीवर एक स्क्रीन होता, प्रत्येक डब्याचा एक दिवा. हिरवा म्हणजे ठीक. पण तो दिवा डब्याला एवढंच विचारायचा, ‘जागा आहेस का?’ डबा म्हणायचा, ‘आहे.’ शुद्धीत आहेस का, हे विचारायची सोय कुणी केली नव्हती. सगळे दिवे हिरवे. आम्ही प्रसादाचे पेढे खाल्ले आणि घरी गेलो.

दुपार कलली होती. मी घरी होते. विळी, सुरी, कातरी देव्हाऱ्यापुढं मांडलेली, त्या दिवशी आम्ही सुरी चालवत नाही, भाजी सकाळीच चिरून ठेवलेली. फोन वाजला. मारुती. रुग्णवाहिकेवरचा ड्रायव्हर, शिराळ्याचा. लहानपणापासून नागपंचमीला नाग बघत वाढलेला माणूस, सापाचं त्याला काही नाही. पण आवाज फाटलेला होता.

‘काकू, तुमच्या मोबाइलात पंचवीस दिसत्यात. हितं सिस्टर म्हणत्यात गणपतीपासनं एक बी न्हाई.’

‘नीट बघायला सांग. दुसऱ्या कपाटात असतील.’

‘कपाट उघडून दाखवलं त्यांनी मला. मोकळं हाय, काकू.’

‘पेशंट कोण आहे?’

‘मेंढरावाल्याची बायकू. कुंडलच्या शिवारात वाडा हाय त्यांचा. घोणस डसलीया. पाय लय सुजलाय.’

‘थांब जरा, मी बघते.’

‘थांबू कसा?’ मारुती ओरडला. ‘ती बोलतीया अजून!’

हे वाक्य माझ्या कानातून गेलेलं नाही.

मी लॅपटॉप उघडला. मोबाइलवर ड्रायव्हरला एकच दवाखाना दिसायचा, माझ्याकडं सगळी यादी. प्रत्येक दवाखान्यापुढं पंचवीस. सगळीकडं पंचवीस. असं कधी असतं का गं? एखाद्याकडं सहा, एखाद्याकडं शून्य, अशीच असते ती यादी. यादीत खाली उतरले तर शेवटची ओळ: निखिल मल्टीस्पेशालिटी, मुक्काम पोस्ट टेस्टवाडी. पंचवीस.

पोरानं गंमत म्हणून घातलेलं नाव. एरवी मी हसले असते.

आधी मी ड्रायव्हरांच्या मोबाइलवरचा तो पडदा बंद केला. दुसरा कुणी मारुती दुसऱ्या कुणाला घेऊन तसाच कुठं निघाला असेल, ही भीती. बंद पडदा दिसला तर माणूस फोन तरी करतो. मग एकेका दवाखान्याला फोन लावत सुटले. सणाचा दिवस, कुणी उचलेना, कुणी म्हणे स्टोअरवाला गावाला गेलाय, किल्ली त्याच्याकडं. शेवटी सांगलीत एका ठिकाणी मिळाली. मारुतीला म्हटलं, सांगलीला आण, मी दारात उभी राहते. तो निघालाच होता, दिशा तेवढी विचारायची राहिली होती. मग निखिलला फोन. तो गावी निघालेला, हायवेवर. मी यादी वाचून दाखवली. टेस्टवाडीपाशी त्यानं मला थांबवलं. मग म्हणाला, ‘काकू, ते आकडे माझे आहेत.’

जुना डबा मी फेकलेला नव्हता. त्याचा नंबर घातला, खरे आकडे परत आले. त्याला फार वेळ लागला नाही. वेळ जायचा तो आधीच गेला होता.

मी दवाखान्याच्या दारात उभी होते तेव्हा ती आली. तानूबाई तिचं नाव. आटपाडीच्या पलीकडून दरवर्षी मेंढरं घेऊन यायची ही माणसं. सोयाबीन निघालं की रानं मोकळी होतात, शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतो, खत होतं. स्ट्रेचरवरून आत नेताना ती नवऱ्याला म्हणत होती, ‘कोकराला पाजायचं ऱ्हायलंय.’ तो, बिराप्पा, नुसता ‘व्हय, व्हय’ म्हणत शेजारनं धावत होता. फेटा कुठंतरी पडला होता त्याचा.

लस दिली. पण मूत्रपिंडं गेली तिची. कोजागिरीच्या आत ती गेली.

मी डॉक्टरांना विचारलं, पहिल्यांदाच इकडं आली असती तर? ते म्हणाले, ‘सांगता येणार नाही. घोणशीचं विष आहे. पण वेळ गेला, हे खरं.’ या उत्तरावर मला नीट रडताही आलं नाही आणि झोपताही.

ऑफिसात बैठक झाली. कुणीतरी म्हणालं, नेटवर्क गेलं होतं असं सांगू. सुहासराव म्हणाले, ‘नेटवर्क होतं. पेटी मी बंद केली, मी चालू केली.’ एवढंच म्हणाले. मग आम्ही तिघं, सुहासराव, निखिल आणि मी, कुंडलच्या शिवारात बिराप्पाच्या वाड्यावर गेलो. वाडा म्हणजे जाळीचं कुंपण, आत मेंढरं, बाहेर घोंगडं टाकून माणसं. सुहासरावांनी वाटेत काय काय बोलायचं ते ठरवलं होतं, पोचल्यावर ते कुंपणापाशीच थांबले. मग मीच बसले समोर.

बिराप्पानं विचारलं, ‘ताई, तुमच्या मशिनीत औषध दिसलं म्हणं. मग ते गेलं कुठं?’

‘नव्हतंच ते, बिराप्पा. खोटं होतं.’

‘म्हंजी? कुणी चोरलं?’

‘चोरलं नाही. काम करून बघायला आमच्याच लोकांनी खोटे आकडे घातले होते. ते खऱ्याच्या जागी आले.’

त्यानं विचारलं, ‘आवं, पर औषधाचा खोटा आकडा माणसाला लागतोच कशाला?’

मी किती सांगितलं असेल! म्हटलं, नवीन काम शिकताना लागतो. म्हटलं, तुम्ही बाजाराला मेंढरू पाठवता तेव्हा पोराला काय सांगता?

‘खूण सांगतू. पाठीवर निळा पट्टा, डावा कान फाटका.’

‘तशी खूण आम्ही सांगितली नाही. दाराशी जे उभं असेल ते घेऊन जा, असं सांगून ठेवलं. आणि त्या दिवशी दाराशी भलतंच उभं होतं.’

त्यानं मान हलवली. ‘समजलं,’ म्हणाला. मग म्हणाला, ‘समजून काय करू मी त्येचं?’

निखिल तोंड झाकून रडायला लागला. बिराप्पा त्याच्याकडं वळला. ‘रडू नगंस पोरा. तू रडून मला काय मिळतंय?’ रागानं नाही म्हणाला. खरंच विचारत होता.

आम्ही उठलो तेव्हा त्यानं मला हाक मारली. ‘ताई, फुडल्या साली आमी हितंच बसणार. सून येणार हाय संगट, पोरं येणार हायती. तवा औषध खरं का खोटं, ह्ये मला कोण सांगनार?’

मी म्हटलं, ‘मी सांगेन.’

‘दर साली?’

‘दर साली.’

ऑफिसात मग पुष्कळ बदललं. डब्याला नंबर, आणि नंबराबरोबर त्याचा ठसा, अंगठ्याच्या ठशासारखी प्रत्येक डब्याची वेगळी लांबलचक ओळ, म्हणजे त्याच नंबरानं दुसरा कुणी आत घुसू नये. खोटे आकडे खऱ्या डब्यातून कायमचे बाहेर. चिठ्ठीवर एक ओळ जरी कमी असली तरी डब्यानं चालू व्हायचंच नाही, ओरडून सांगायचं की मला अमुक मिळालं नाही. पोरं कुरकुरली, काकू, असं केलं तर सारखं बंद पडेल. मी म्हटलं, पडू दे. बंद पडलेलं मला दिसतं, हिरवा दिवा लावून खोटं बोललेलं दिसत नाही. आणि दिव्याला आता नुसतं ‘जागा आहेस का’ विचारायची परवानगी नाही. खऱ्या यादीतल्या एका दवाखान्याचा आकडा वाचून दाखवला तरच हिरवा. सणाच्या आधी, सुट्टीच्या आधी, कुणीही काही नवीन मांडायचं नाही.

निखिल टिकला नाही. दुसऱ्या गावी नोकरी धरली. दर खंडेनवमीला सकाळी त्याचा फोन येतो. ‘काकू, पेटी बंद केली नाहीत ना?’ मी निवृत्त झालेय, तरी मलाच करतो. मी ऑफिसात विचारून त्याला सांगते. सुहासराव आता झेंडू आणत नाहीत. त्या दिवशी चालू पेटीसमोर येतात, हात जोडतात आणि आपल्या खोलीत जाऊन बसतात. पेढे बंद झालेत.

आणि मी कुंडलला जाते. गुडघे दुखतात, तुझे काका स्कूटरवरून नेतात आणि वाटभर बोलतात. जायच्या आधी यादीतल्या एकेका दवाखान्याला स्वतः फोन लावते, कपाट उघडून मोजायला लावते. मोजणारी माणसं आता मला ओळखतात, ‘आल्या मेंढरांच्या काकू,’ म्हणतात. बिराप्पा घोंगडं झटकून बसायला देतो. चहा होतो. सून पदर सावरत मागं उभी असते, तिचंही लक्ष असतं. मग तो विचारतो, ‘ताई, औषध खरं हाय न्हवं?’ मी कुठं किती ते सांगते. तो ऐकतो. तानूबाईचं नाव तो काढत नाही, मीही काढत नाही.

मागच्या वर्षी मी तुझ्याबद्दल बोलले त्याच्याशी. माझी भाची पुण्यात हेच काम करते म्हणाले. तो म्हणाला, ‘तिच्या मशिनीत कुणाचं काय असतंय?’ मला उत्तर देता आलं नाही, प्राजू. मला माहीतच नव्हतं. आता कळलंय, लोकांचे रक्ताचे रिपोर्ट. एवढंच.

तर ये गं आता. सणाची वाट बघू नकोस, आणि येण्याआधी काहीतरी ढकलून तर मुळीच येऊ नकोस. या रविवारीच निघ, सांगलीची गाडी पकड, मी तुझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी कुटून ठेवते. सोयाबीन निघायला लागलंय, बिराप्पाची मेंढरं येतील एवढ्यात. त्याचं विचारून झालं की तो तुझ्याकडं वळून बघणार, मला ठाऊक आहे. या वर्षी उत्तर तू द्यायचंस. म्हणून सांगते, निघायच्या आधी तुझ्या मशीनवर लोकांना दिसते ती यादी शेवटच्या ओळीपर्यंत एकदा वाच आणि मग ये.